कोणी बांधली ही गाठ?

वासी उत्तरायणाच्या संध्याकाळी, म्हणजे पतंगांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारीला, बडोद्यातल्या गच्च्या रिकाम्या होऊ लागल्या की घराघरांत एकच काम चालते, ते म्हणजे मुलांची बोटे पाहण्याचे. दोन दिवस मांजा हाताळून बोटांच्या पेरांवर केसासारख्या बारीक चिरा पडलेल्या असतात, आणि खेळाच्या भरात ज्यांचे काही वाटले नाही त्या चिरा हात धुताना झोंबू लागतात. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. ती स्वतः पतंग उडवत नव्हती. वडिलांच्या मागे फिरकी धरून उभी राहायची. तरीही तिच्या बोटांवर चिरा होत्या आणि नखांत धूळ व फाटलेले पतंग जोडायच्या गुंदरपट्टीचा डिंक साचला होता, म्हणून मी तिला स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसवले, चिरांना खोबरेल तेल लावले आणि नखे कापायला घेतली.

नखे कापताना मी तिचा हात पालथा धरते आणि मनगट खाली झुकवते, म्हणजे बोटे आपोआप सुटी होतात. डाव्या अंगठ्याचे नख कापून मी तर्जनीकडे वळले, तेव्हा मनगटाच्या वरच्या बाजूला, मधोमध असलेल्या जागेपासून किंचित अंगठ्याच्या अंगाला, एक उंचवटा दिसला. तो भिजवलेल्या हरभऱ्याएवढा होता. मी तिला हात सरळ करायला सांगितले, तर तो जवळजवळ नाहीसा झाला; पुन्हा मनगट झुकवले, तर पुन्हा वर आला. बोटाने दाबून पाहिले, तर खोडरबरासारखा लागला आणि कातडीखाली किंचित सरकला. त्यावरची कातडी लाल नव्हती आणि गरमही नव्हती. दुसऱ्या हाताचे मनगट शेजारी धरून पाहिले, तिथे काहीच नव्हते.

“दुखतं का गं इथे?” मी विचारले.

“कुठे?” ती म्हणाली. तिला ते ठाऊकच नव्हते.

उरलेली नऊ नखे मी कशी कापली ते मला आठवत नाही. एवढे मात्र आठवते की ती ओट्यावरून उडी मारून पळाली आणि मी नेलकटर हातात घेऊन तिथेच उभी राहिले. रोज वेणी घालताना, आंघोळ घालताना, शाळेच्या शर्टाच्या बाहीचे बटण लावताना जो हात शंभर वेळा माझ्या हातातून गेला होता, त्यावर हे कधी आले आणि मला कसे दिसले नाही, हा प्रश्न त्या क्षणी इतर सगळ्या प्रश्नांच्या आधी मनात आला.

त्या रात्री मी यजमानांना सांगितले आणि सांगताना ‘गाठ’ हा शब्द वापरला. दुसरा शब्द माझ्याकडे नव्हता. तो तोंडातून बाहेर पडताच आम्ही दोघेही गप्प झालो. आपल्या भाषेत हा शब्द किती ठिकाणी सुखाने वावरतो ते मला माहीत आहे. लग्नात गाठ बांधतात, जुनी माणसे गाठीभेटीला येतात, मनाशी खूणगाठ बांधतात, पोत्याला सुरगाठ मारावी की निरगाठ यावरून घरात वाद होतात. परंतु तोच शब्द शरीराच्या एखाद्या भागाशी जोडला, की त्याचा एकच अर्थ कानावर येतो. माझ्या मावशीची गाठ, शेजारच्या काकांच्या गळ्याची गाठ, बँकेतल्या सहकारी बाईंची गाठ; ज्या ज्या गाठी मी ऐकल्या होत्या, त्या सगळ्यांच्या कथा रुग्णालयात गेल्या होत्या आणि त्यांतल्या काही तिथून परत आल्या नव्हत्या. गुजरातीतही शब्द तोच आहे. दुसऱ्या दिवशी जिन्यात शेजारच्या बेनना मी सांगितले, तेव्हा त्यांनी “गांठ छे?” असे जे हलक्या आवाजात विचारले, त्या आवाजातच सगळे होते.

रात्री उशिरापर्यंत मी मोबाइलवर शोधत राहिले. हे करू नये, हे मला माहीत होते आणि तरी केले. एका ठिकाणी ‘गँगलियन’ हा शब्द सापडला आणि त्याच्या मागे गेले, तर मज्जापेशींच्या पुंजक्यांविषयी वाचायला मिळाले, कारण शरीरशास्त्रात त्या पुंजक्यांनाही हेच नाव आहे. पहाटे दोन वाजता एका आईला ही गल्लत कळणार कशी? मुलीच्या मज्जातंतूला काही झाले आहे, असे समजून मी तिच्या खोलीत गेले, मोबाइलच्या उजेडात तिची झोपेत सैल पडलेली बोटे पाहिली आणि ती हलतात ना, हे पाहण्यासाठी तिच्या तळहातावर माझे बोट ठेवले. तिने ते झोपेतच धरले.

सकाळी सासूबाईंना दाखवले. त्यांनी चष्मा लावला, नातीचा हात खिडकीपाशी नेला, उंचवट्यावरून दोनदा अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, “अगं, आवाळू असेल हे. आवाळू काही करत नाही.”

हा शब्द मी लहानपणी ऐकला होता आणि नंतर विसरले होते. पुढच्या काही दिवसांत मी सासूबाईंना मुद्दाम बोलते केले, तेव्हा लक्षात आले की कातडीवर किंवा कातडीखाली वर आलेल्या प्रत्येक गोष्टीला त्यांच्यापाशी निराळे नाव आहे. डोके आपटून येते ते टेंगूळ. पू धरते ते गळू, आणि केसाच्या मुळाशी होते ते केस्तूड. पायाला जखम झाली म्हणून जांघेत किंवा हाताला लागले म्हणून काखेत जे सुजून दुखते ते अवधाण; ते पाहिले की आधी जखम शोधायची, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते, शब्दाबरोबरच आले होते. सतत घासून कडक होतो तो घट्टा. आणि न दुखणारे, न पिकणारे, वर्षानुवर्षे एका जागी बसून राहणारे ते आवाळू. इतकी नावे ज्यांच्यापाशी आहेत, त्यांना प्रत्येक उंचवट्यापाशी एकाच भीतीकडे जावे लागत नाही, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. माझा मामेभाऊ वैद्य आहे. त्याने फोनवर सांगितले की सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अकरावा अध्याय याच विषयाचा आहे आणि त्यात ग्रंथी व अर्बुद यांची लक्षणे वेगवेगळी दिली आहेत. ग्रंथी ही गोल, वर उचललेली सूज, तर अर्बुद हे मोठे, एका जागी पक्के बसलेले, खोल मुळाचे आणि सावकाश वाढणारे. म्हणजे हा भेद आपल्याकडे फार जुना आहे, आणि तरी माझ्या पिढीच्या बोलण्यात या सगळ्यांसाठी एकच शब्द उरला आहे, तोही सर्वांत भीतिदायक अर्थाचा.

शब्दावर विसंबून मात्र राहता येत नव्हते. सासूबाईंनी आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून लेप लावावा असे सुचवले. त्यांच्या लहानपणी दांडिया बाजारातल्या तालमीत उस्ताद अशा गाठी अंगठ्याने दाबून फोडत असत, अशीही आठवण त्यांनी सांगितली. लेपाला माझी हरकत नव्हती, पण फोडण्याच्या कल्पनेने माझ्या अंगावर काटा आला आणि मी मंगळवारची वेळ घेतली.

बालरोगतज्ज्ञांनी पाहिले आणि हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एका डॉक्टरांकडे पाठवले. ते गुजराती, पण बडोद्यातच वाढलेले असल्यामुळे मराठी सहज बोलत होते. त्यांनी आधी खूप प्रश्न विचारले आणि ते मला फार महत्त्वाचे वाटले, म्हणून इथे लिहिते. गाठ किती दिवसांत किती वाढली? मुलगी रात्री दुखण्याने झोपेतून उठते का? ताप, वजन घटणे, भूक मंदावणे असे काही आहे का? बोटांना मुंग्या येतात का, वस्तू हातातून पडतात का? त्या जागी कधी काच, काटा किंवा पेन्सिलीचे टोक रुतले होते का? कारण आत राहिलेल्या बारीक तुकड्याभोवतीही शरीर गाठ तयार करते. घरात कोणाला क्षयरोग झाला होता का? या शेवटच्या प्रश्नाने मी दचकले. त्यांनी समजावले की आपल्या देशात हाताच्या आणि मनगटाच्या सुजेमागे क्षयही असू शकतो; ती सूज सावकाश वाढते, कधी तळहाताच्या बाजूने मनगटाच्या वर आणि खाली अशी दोन्हीकडे पसरते, आणि ती ओळखली नाही तर सांध्याचे नुकसान होते, म्हणून हा प्रश्न प्रत्येकाला विचारायचाच असतो.

मग त्यांनी पडदा ओढला, दिवा बंद केला आणि खिशातून लहान टॉर्च काढली. मुलीचे मनगट झुकवून त्यांनी टॉर्चचे तोंड गाठीच्या कडेला टेकवले. अंधारात तो हरभऱ्याएवढा उंचवटा आतून तांबूस उजळला, देवघरातल्या समईच्या उजेडासमोर आपण बोटे धरली की कडा जशा उजळतात तसा, पण संपूर्ण. “आई, माझ्यात दिवा लागला!” मुलगी ओरडली. डॉक्टरांनी सांगितले की आत घट्ट मांस असते तर उजेड असा पार गेला नसता. हा गेला, कारण आत पाणी, किंवा खरे तर पाण्याहून बराच दाट, खळीसारखा पारदर्शक द्रव आहे. सांध्यात वंगणासारखा जो द्रव असतो, त्याच्याच जातीचा. गाठीची पिशवी एका बारीक देठाने सांध्याच्या आवरणाशी जोडलेली असते, आणि मनगट झुकवले की ती वर येते, कारण तिला मागे लपायला जागा राहत नाही. याच गाठीला गँगलियन म्हणतात. हात आणि मनगटावर येणाऱ्या गाठींमध्ये हीच सर्वांत अधिक आढळते, ती कर्करोग नसते आणि पुढे कर्करोगात बदलतही नाही. नंतर मी शोधले, तर गँगलियन हा मूळ ग्रीक शब्दही गाठीच्याच अर्थाचा निघाला.

टॉर्चवर त्यांचे समाधान झाले होते, तरी हाडातून आलेला उंचवटा नाही याची खात्री करण्यासाठी त्यांनी एक एक्स-रे आणि एक सोनोग्राफी सांगितली. एक्स-रेची प्रत हातात आली, तेव्हा ती मी खिडकीकडे धरून पाहिली आणि माझा जीव उडाला. मुलीच्या मनगटात हाडे सुटी सुटी, एकमेकांपासून लांब, पांढऱ्या खड्यांसारखी विखुरलेली होती आणि मधे काळी पोकळी होती. कुठल्याही मोठ्या माणसाच्या एक्स-रेत मी असे पाहिले नव्हते. डॉक्टरांनी ती प्रत उजेडाच्या पेटीवर लावली आणि ज्या शांतपणे एकेक हाड दाखवले, त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. मनगटात आठ लहान हाडे असतात, पण मूल जन्मते तेव्हा ती सगळी कूर्चेची, म्हणजे हाडाहून मऊ, लवचिक पदार्थाची असतात आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. पहिल्या काही महिन्यांत दोन हाडे दिसू लागतात, मग दोन-तीन वर्षांत पुढची, असे करत करत आठव्या वर्षापर्यंत साधारण सात दिसतात; आठवे, वाटाण्याच्या आकाराचे, सर्वांत शेवटी येते. म्हणजे ती काळी पोकळी रिकामी नव्हती. तिथे तिचे अजून हाड न झालेले मनगट होते. त्यांनी दोन हाडांवर पेनचे टोक ठेवले, एक होडीच्या आकाराचे आणि दुसरे चंद्रकोरीच्या आकाराचे, आणि सांगितले की या दोघांना बांधून ठेवणारा जो अस्थिबंध आहे, तिथूनच मनगटाच्या वरच्या बाजूच्या बहुतेक गाठींचा देठ निघतो. मुलगी त्या प्रतीकडे वाकून होडी आणि चंद्र शोधत राहिली.

सोनोग्राफीत पडद्यावर एक काळा लंबगोल दिसला. द्रवातून ध्वनिलहरी परत येत नाहीत, म्हणून तो इतका काळा आणि त्याची कड इतकी स्वच्छ दिसते. त्याच्या खालून एक अरुंद काळी रेघ सांध्याकडे जात होती. तोच देठ.

उपचाराविषयी डॉक्टरांनी तीन मार्ग सांगितले आणि तिन्हींची खरी बाजू सांगितली. सुईने द्रव काढता येतो, पण तो दाट असल्यामुळे सुई जाड लागते, मूल घाबरते, आणि देठ तसाच राहत असल्यामुळे गाठ पुष्कळदा पुन्हा भरते. शस्त्रक्रियेत देठासकट पिशवी काढतात. लहान मुलांना त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते, व्रण राहतो, आणि त्यानंतरही काही जणांना ती परत येते. तिसरा मार्ग काहीही न करण्याचा. मुलांमधल्या अशा गाठी पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात, म्हणून दुखत नसेल आणि हाताच्या हालचालीला अडथळा नसेल, तर तोच मार्ग ते आधी सुचवतात. मी तालमीतल्या उस्तादांची गोष्ट सांगितली, तेव्हा ते म्हणाले की युरोपातही एके काळी घरातला सर्वांत जाड ग्रंथ मनगटावर आपटून गाठ फोडत असत. फुटली की द्रव आजूबाजूला पसरून जिरतो आणि गाठ गेल्यासारखी वाटते, पण देठ जागेवर असतो आणि आघाताने आतल्या लहान हाडांना इजा होऊ शकते. “फोडायची नाही, दाबायची नाही, चोळायची नाही,” ते म्हणाले. “महिन्यातून एकदा एकाच पद्धतीने फोटो काढा. बाकी विसरा, बेन.” शिवाय त्यांनी एक गोष्ट बजावली: अशीच गाठ मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे नाडी पाहतात तिथे आली, तर कोणालाही घरगुती सुई लावू देऊ नये, कारण हाताची मोठी रक्तवाहिनी तिला चिकटून असते.

इथे मध्येच सांगते, कारण बँकेतल्या माझ्या एका सहकारी मैत्रिणीला याचा उपयोग झाला. मी ही हकिकत सांगितल्यावर तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलाचा अंगठा दाखवला. अंगठ्याच्या मुळाशी, तळहाताच्या बाजूला, ज्वारीच्या दाण्याएवढे काही लागत होते आणि अंगठा वाकलेलाच राहत होता, सरळ होत नव्हता. ते आवाळू नव्हते. अंगठा वाकवणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, जिथे नळीतून जाते तिथे जाड होऊन अडकते, त्याचे ते रूप होते, आणि त्याचा विचार वेगळ्या रीतीने करावा लागतो. दोन मुलांच्या हातांवरच्या दोन गाठी एकाच नावाच्या असतीलच असे नाही, म्हणून माझी हकिकत वाचून कोणी आपल्या मुलाचे निदान घरी करू नये.

घरी येताना गाडीत मुलीने विचारले, “आई, गाठ म्हणजे आपण बुटाच्या नाडीला मारतो तशी?”

“तशीच गोल दिसते, म्हणून गाठ म्हणतात.”

तिने थोडा वेळ विचार केला. “मग ही कोणी बांधली?”

ती उत्तराची वाट पाहत होती आणि मला उत्तर देता आले नाही, कारण त्याच क्षणी मला मंगळबाजार आठवला. आदल्या नवरात्राच्या तोंडावर रविवारी संध्याकाळी आम्ही चणियाचोळी घ्यायला गेलो होतो, न्यायमंदिराच्या बाजूने माणसांचा लोंढा येत होता, ती एका आरशाच्या कामाच्या ओढण्यांच्या दुकानापाशी उभी राहिली होती आणि हलायला तयार नव्हती. मी उशीर झाल्यामुळे चिडले होते. मी तिचे डावे मनगट धरले आणि हिसका देऊन ओढले. ती रडली नाही. फक्त “आई, हळू” म्हणाली. हे मी पूर्ण विसरले होते, आणि आता ते हिसका दिल्याच्या जोरासकट परत आले. चार महिन्यांनी त्याच मनगटावर गाठ आली होती. कोणी बांधली, तर मीच बांधली, असे मी ठरवून टाकले आणि कोणाला सांगितले नाही.

त्यानंतरचे तीन महिने मी डॉक्टरांचे ऐकले नाही. फोटो महिन्यातून एकदा काढायचा होता. मी एक वही केली आणि तिच्यात दर दोन दिवसांनी नोंद करू लागले. आज किंचित मोठी वाटते. आज सकाळी लहान, संध्याकाळी मोठी. आज कडक लागली. अशी गाठ कमी-जास्त होतच असते, हात अधिक वापरला की फुगते आणि विश्रांतीने ओसरते, हे मला सांगितलेले होते, तरी प्रत्येक नोंदीबरोबर माझा दिवस वर-खाली होई. तिचा हात हातात आला की माझा अंगठा आपोआप त्या जागी जाई. शाळेतून आली की आधी मनगट, मग पाणी. लिहिताना, जेवताना, टीव्ही पाहताना मी तिला “हात दाखव” म्हणत असे, आणि ती दाखवत असे.

चैत्रात आमच्या घरी चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते. बडोद्याच्या मराठी घरांत अजून ते रीतीने होते. आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, गौरीपुढे कलिंगडाची नक्षीदार फुले. उन्हाने जीव नकोसा झालेला होता. मुलगी पन्ह्याचे पेले देत फिरत होती आणि तिने पूर्ण बाह्यांचा, जाड कापडाचा, दिवाळीतला झगा घातला होता. माझ्या नणंदेने तिला जवळ घेतले आणि विचारले, “बाळा, एवढ्या उन्हाळ्यात लांब बाह्या कशाला? गाठ दिसू नये म्हणून? कोणी हसतं का शाळेत?”

“नाही,” ती म्हणाली. “शाळेत सगळ्यांना मी दाखवली. टॉर्च लावली की त्यात दिवा लागतो. आईला दिसू नये म्हणून.”

“आईला का?”

“ती दिसली की आईचं तोंड बदलतं.”

मी स्वयंपाकघराच्या दारात डाळीचे पातेले घेऊन उभी होते. नणंदेने माझ्याकडे पाहिले नाही, आणि त्याबद्दल मी तिची आभारी आहे.

त्या रात्री मी मुलीशेजारी बसले आणि मंगळबाजाराची गोष्ट तिला सांगितली. मला वाटले होते की तिला ती आठवत असेल. तिला ओढण्या आठवत होत्या, आरसे आठवत होते, पण हिसका आठवत नव्हता. पुढच्या भेटीत डॉक्टरांनाही मी हे विचारले. विचारताना माझा आवाज नीट निघत नव्हता. ते म्हणाले की चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना हाताला धरून ओढले तर कोपराचे हाड जागेवरून सरकते, म्हणून लहान मुलांना तसे ओढू नये हे खरे. परंतु मनगटावरच्या या गाठी नक्की कशाने होतात ते वैद्यकशास्त्राला अजून पुरते उलगडलेले नाही, मनगटावर वारंवार ताण येणाऱ्यांमध्ये, जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलांमध्ये वगैरे, त्या अधिक दिसतात एवढेच ठाऊक आहे, आणि एका हिसक्याने अशी गाठ होते असे म्हणायला काही आधार नाही. मी ते ऐकले. मला ते पटले असे म्हणणार नाही. हिसका दिलेला होता आणि त्याची लाज वाटणे गाठीवर अवलंबून नव्हते. परंतु तिच्या मनगटाकडे पाहताना माझा चेहरा कशासाठी बदलत होता, ते मला त्या दिवशी कळले. मी गाठ पाहतच नव्हते. मी माझा हात पाहत होते.

वही बंद करायला मला आणखी वेळ लागला. तिच्यातली शेवटची नोंद ज्येष्ठातली आहे: “फोटो काढला. मागच्यासारखीच.” त्यानंतर महिन्याचा फोटो यजमान काढू लागले, रविवारी, नाश्त्यानंतर, तिच्याशी शाळेच्या गप्पा मारत, आणि मी त्या वेळी मुद्दाम दुसरे काम काढत असे. ‘हात दाखव’ हे दोन शब्द माझ्या तोंडातून जाणे सर्वांत कठीण होते. भाजी चिरताना, ऑफिसातून येताना, तिची वेणी घालताना ते जिभेवर येत आणि मी ते गिळत असे. वेणी घालताना मी तिच्या केसांकडे पाहायला शिकले. पावसाळ्यात तिने लांब बाह्यांचा झगा आपणहून कपाटात ठेवला. पुढे गणपती आले, आमच्या पोळमधल्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या गल्लीतल्या, मंडळात ती लेझीम खेळली, आणि दोन्ही मनगटे ताठ वर नेऊन ती लेझमीच्या चकत्या खुळखुळवत असताना मी गर्दीत उभी राहून तिच्या तोंडाकडे पाहत होते. नवरात्रात ती गरबा खेळली. तोवर यजमानांचा फोटोचा नेम केव्हा सुटला ते त्यांनाही आठवत नाही.

पुढच्या उत्तरायणाला ती पहिल्यांदा स्वतः पतंग उडवणार होती. १४ तारखेच्या सकाळी, गच्चीवर जाण्यापूर्वी, ती चिकटपट्टीचे बंडल घेऊन स्वयंपाकघरात आली आणि ओट्यावर चढून बसली. मी तिचा डावा हात पालथा धरला, मनगट झुकवले आणि तर्जनीच्या पेराला पट्टी गुंडाळू लागले. पट्टीचे टोक दातांनी तोडताना माझी नजर खाली गेली. मनगट झुकलेले होते आणि कातडी सपाट होती. मी तिचे मनगट सरळ केले, पुन्हा झुकवले.

“गाठ कुठे गेली गं?”

“ती? ती कधीच गेली.”

“कधी म्हणजे?”

“माहीत नाही. गरब्याच्या वेळी नव्हती.” गच्चीवरून “काप्यो छे!” अशी आरोळी आली आणि ती ओट्यावर चुळबुळ करू लागली. “आई, लवकर. मधल्या बोटालाही लाव ना.”

मी मधल्या बोटाला पट्टी लावली.